बोअरचं पाणी रात्रीत लाल कसं होतं? (जांभा, लोखंड आणि काळा चहा)

सडेकर
मंडळी, राजापूर तालुक्यात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, आमचं घर. मार्च संपता संपता विहिरीचा तळ दिसायला लागतो, म्हणून गेल्या वर्षी एप्रिलात बोअर मारली. वर वीसेक फूट जांभा (आमचा लाल, भोकाभोकांचा दगड), मग पिवळट-पांढरी चिकट माती आणि त्याखाली काळा दगड. 180 फुटांवर पाणी लागलं. सगळे खूश.

पाणी बादलीत घेतलं की काचेसारखं नितळ. वास तेवढा थोडा, मुठीत बराच वेळ धरलेल्या नाण्याला येतो तसा. रात्री भरून ठेवलेली बादली सकाळी बघावी तर वर तेलकट तवंग आणि तळाला विटकरी गाळ. आईने त्याच पाण्याचा चहा ठेवला, तो दूध घालायच्या आधीच शाईसारखा काळा. तिचं म्हणणं, बोअरवाल्याने जुने गंजके पाइप घातले. पण मी दिवसभर तिथे उभा होतो. केसिंग पीव्हीसीचं आहे.

मग एका दुकानदाराने आरओ मशीन गळ्यात मारलं. दोन महिन्यांत आतला पडदा चोंदून बसला. तो म्हणे नवीन टाका, साडेतीन हजार. नाही टाकला.

आता मुख्य प्रश्न. बोअरपासून तीस फुटांवर आमची जुनी विहीर आहे. तिचं पाणी स्वच्छ, चहा नीट होतो, कपडे पांढरे राहतात. एकाच अंगणात दोन तऱ्हा कशा?

वाचनमात्र
आमच्याकडेही हेच. वाचतोय.

घाटावरचा
सोपं आहे. तुमच्याकडे मातीच लाल. माती पाण्यात उतरते. तुरटी फिरवा, गाळ बसेल.

सडेकर
तुरटी झाली फिरवून. आधीपासून जो गाळ असतो तो बसतो. पण बोअरचं पाणी येतं तेव्हा त्यात गाळच नसतो, हीच तर गंमत आहे. तुरटी घातलेली बादली उलट जास्त वेळ नितळ राहिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लाल झाली.

निवृत्त_रसायन
सडेकर, तुमचं हे शेवटचं वाक्य फार कामाचं आहे, त्याकडे नंतर येतो. रत्नागिरीत तीस वर्षं पोरांना रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे उत्तर लांबेल.

लोखंड निसर्गात मुख्यतः दोन रूपांत भेटतं. एक फेरस, दुसरं फेरिक. फेरस पाण्यात विरघळतं आणि विरघळल्यावर दिसत नाही. फेरिक साध्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तयार झालं की लालसर-पिवळ्या कणांच्या रूपाने खाली बसतं. फेरसचं फेरिक करतो हवेतला ऑक्सिजन. तुमच्या बादलीत रात्रभर एवढंच घडतं. लोखंड पाण्यात आधीपासून असतं, सकाळी ते फक्त दिसायला लागतं.

आता विहीर आणि बोअर. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना पालापाचोळा आणि मातीतले जिवाणू यांच्यामधून जातं. जिवाणू त्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. म्हणजे खाली पोचतं ते ऑक्सिजन नसलेलं, किंचित आंबट पाणी. लोखंड विरघळवायला याहून चांगलं काय हवं? पांढऱ्या मातीखालच्या दगडात ते महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं मुरतं आणि लोखंड पोटात घेतं. तुमची बोअर नेमकी तिथलं पाणी ओढते.

विहिरीत येणारं पाणी वरच्या जांभ्यातलं. जांभा म्हणजे भोकंच भोकं, हवा आतपर्यंत खेळते. लोखंड त्यात भरपूर, पण सगळं फेरिक, म्हणजे दगडालाच घट्ट धरून बसलेलं. ज्या दगडात लोखंड जास्त त्याचं पाणी स्वच्छ आणि ज्यात कमी त्याचं लाल, असा उलटा हिशेब आहे हा.

आगरातली
सर, तो तवंग तेलाचा आहे की लोखंडाचा, हे ओळखायची एक खूण आहे. काडीने टोचायचं. तेल असेल तर काडी काढली की परत जुळून येतं. लोखंडाचा असेल तर पापडासारखे तुकडे होतात आणि तसेच तरंगत राहतात. आमच्या पोफळीच्या आगरात पऱ्याच्या (ओहोळाच्या) कडेला पावसाळ्यानंतर असा तवंग येतो. माझी सासू बरीच वर्षं म्हणायची की वरच्या वाडीतला कोणीतरी पंपाचं तेल सोडतो. त्यावरून भांडणही झालं होतं. काडीची युक्ती कळली तेव्हा उशीर झाला होता.

निवृत्त_रसायन
अगदी बरोबर. त्यात लोखंडावर जगणारे जिवाणूही असतात. फेरसचं फेरिक करताना जी थोडी ऊर्जा मिळते तिच्यावर त्यांचा संसार चालतो. टाकीच्या आत बुळबुळीत नारिंगी थर बसतो तो त्यांचाच.

सडेकर
काडी लावून बघितली. पापड!
आणि चहा?

निवृत्त_रसायन
चहात टॅनिन असतं. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळा-निळा रंग होतो. हिरडा आणि लोखंडाचा कीस घेऊन पूर्वी शाई करत, ती हीच. तुमची आई रोज सकाळी शाई करते आहे म्हणा ना.

घाटावरचा
मग लोहयुक्त पाणी चांगलंच की. रक्त वाढेल. गोळ्या कशाला घ्यायच्या?

आगरातली
चहाबरोबर घेतलंत तर उपयोग फार कमी. टॅनिन लोखंडाला धरून ठेवतं, ते फारसं अंगी लागत नाही. आणि त्या पाण्याची चव एकदा घेऊन बघा, मग रक्ताचं बोला.

चिरेवाला
आमची चिरेखाण होती, आता बंद आहे. जांभ्याबद्दल एक विचारायचं आहे. खाणीतून ताजा चिरा काढतो तेव्हा तो मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो. नवीन माणसाला वाटतं हा काय भिंत धरणार. तोच चिरा उघड्यावर ठेवला की कडक होतो. वडील कधीच ताजा चिरा बांधकामाला देत नसत, निदान एक उन्हाळा खाऊ देत. गिऱ्हाईक घाईत असलं तर परत पाठवत. हल्ली मशिनने कापतात आणि त्याच आठवड्यात ट्रक भरतात, मग भिंतीला पापुद्रे सुटतात. हेही लोखंडच का?

निवृत्त_रसायन
हो, आणि तुमच्या वडिलांना रसायनशास्त्र पक्कं कळत होतं. जमिनीत असताना जांभ्यातलं बरंचसं लोखंड पाणी धरून असतं. त्यातलं पिवळं खनिज म्हणजे गोथाइट. त्याच्या रचनेतच पाण्याचा अंश असतो. उघड्यावर ऊन-वारा लागला की दगड सुकतो, लोखंडाचे बारीक कण एकमेकांत गुंततात, काही गोथाइटचं लाल हेमटाइट होतं. एकदा असं झालं की पुन्हा भिजवला तरी तो मऊ होत नाही. ओल्या मातीची वीट भाजल्यासारखंच, फक्त भट्टी नाही.

विटेवरून आठवलं. जांभ्याचं इंग्रजी नाव लॅटराइट. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. फ्रान्सिस बुकानन याने केरळात अंगाडीपुरमला लोक हा दगड विटांसारखा कापून घरं बांधताना पाहिले आणि 1807 मध्ये हे नाव छापलं. म्हणजे या दगडाला जगभरचं नाव मिळालं ते तुमच्यासारख्या चिरे काढणाऱ्यांमुळे.

चिरेवाला
हे माहीत नव्हतं. भावाला पाठवतो.

भाट्ये_किनारा
भूशास्त्राचा विद्यार्थी आहे, थोडी भर घालतो. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे 46 टक्के ऑक्सिजन, 28 टक्के सिलिकॉन, 8 टक्के ॲल्युमिनियम आणि 5 टक्के लोखंड. ऑक्सिजन म्हटलं की आपल्याला हवा आठवते, पण जवळपास निम्मा दगड ऑक्सिजनचा आहे. आपला काळा दगड, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा बेसॉल्ट, लोखंडाच्या बाबतीत सरासरीपेक्षा श्रीमंत.

या दगडावर कोकणातला पाऊस पडतो. आधी सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळून समुद्राला जातात. मग हळूहळू सिलिकाही जाते. मागे राहतात ते हट्टी गडी: लोखंड, ॲल्युमिनियम, टायटॅनियम. हेच उरलेलं म्हणजे जांभा. बेसॉल्टमध्ये लोखंडाची ऑक्साइडं 13 टक्क्यांच्या आसपास, चांगल्या जांभ्यात ती 40 टक्क्यांपर्यंतही जातात. म्हणजे ढोबळ मानाने एक किलो जांभ्यामागे निदान तीन किलो काळा दगड खर्ची पडला. तुमच्या सड्याची जाडी बघा आणि गुणाकार करा.

जिथे लोखंडही कमी झालं आणि ॲल्युमिनियम साचलं तिथे बॉक्साइट. दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे सापडतं ते.

घाटावरचा
40 टक्के लोखंड? मग चिऱ्याला चुंबक चिकटायला हवा. चिकटत नाही. मी गणपतीपुळ्याला गेलो होतो तेव्हा लावून बघितला होता.

भाट्ये_किनारा
लोखंड असणं वेगळं आणि चुंबकाला ओढलं जाणं वेगळं. हेमटाइट आणि गोथाइट यांना साधा चुंबक फारसा दाद देत नाही. मॅग्नेटाइट या लोखंडाच्याच दुसऱ्या खनिजाला देतो.

घाटावरचा
म्हणजे पळवाट.

आगरातली
पळवाट कशाला, घरी करून बघा. आमच्या मागच्या पडवीत चूल आहे. परवा ती मोडून नवीन घातली. जुन्या चुलीखालची भाजलेली लाल माती मुलाने स्पीकरमधल्या चुंबकावर भुरभुरली, ती केसासारखी उभी राहिली. अंगणातली साधी माती लावली तर जेमतेम चारदोन कण. माती तीच, लाकडं जळून तापलेली आणि न तापलेली एवढाच फरक.

निवृत्त_रसायन
वा! तापताना लाकूड-पाल्याच्या धुरात ऑक्सिजन कमी पडतो, थोडं लोखंड मॅग्नेटाइटकडे झुकतं आणि थंड होताना त्याचं मॅगहेमाइट होतं. तेही चुंबकाला चिकटतं. घाटावरचे, आता बोला.

घाटावरचा
चूल नाही आमच्याकडे. गॅसवर तव्यात भाजून बघतो.

निवृत्त_रसायन
तव्यात मातीबरोबर थोडा लाकडाचा भुसा घाला आणि झाकण ठेवा. आणि जुना तवा घ्या, नाहीतर या धाग्यावर घरच्यांची तक्रार येईल.

भाट्ये_किनारा
चुंबकाचा विषय निघालाच आहे तर काळी वाळू. भाट्ये, काळबादेवी, मालगुंड, पूर्णगड, या किनाऱ्यांवर पावसाळ्यानंतर काळे पट्टे दिसतात. तो तेलाचा कचरा नाही. इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट. साध्या वाळूतला गारेचा (क्वार्ट्झचा) कण पाण्याच्या 2.65 पट जड, इल्मेनाइट 4.7 आणि मॅग्नेटाइट 5.2 पट. लाट हलकं घेऊन जाते, जड मागे टाकते. सूप पाखडल्यासारखंच.

शाळेत असताना चुंबक रुमालात गुंडाळून नेला होता. रुमाल महत्त्वाचा, नाहीतर वाळू चुंबकावरून निघता निघत नाही. जे पटकन उडी मारून चिकटलं ते मॅग्नेटाइट. जे मागे राहिलं त्यात इल्मेनाइट होतं, त्याला जबरदस्त चुंबक लागतो. इल्मेनाइट म्हणजे लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन. त्यातलं लोखंड काढून टाकलं की उरतं टायटॅनियम डायऑक्साइड, भिंतीच्या पांढऱ्या रंगातली मुख्य पांढरी पूड. इतक्या काळ्या वाळूतून इतका पांढरा रंग निघतो, हे मला अजूनही पटत नाही.

पागोळी
काळी वाळू किरणोत्सारी असते ना? केरळात असते म्हणून वाचलं होतं.

भाट्ये_किनारा
केरळात चवऱ्याच्या वाळूत मोनाझाइट हे खनिज असतं, त्यात किरणोत्सारी थोरियम. तिथले मूळ खडक वेगळे, फार जुने. रत्नागिरीची काळी वाळू मुख्यतः बेसॉल्टमधून आलेली, आणि बेसॉल्ट हे काही मोनाझाइटचं घर नाही. एकाच रंगाची वाळू, पण घराणी वेगळी.

रेडीकार
माका केमिस्ट्री कळणा नाय, पण आमच्या रेडीक खाण आसा ती लोखंडाचीच. पावसात पऱ्याचा पाणी बघशात तर कुंकवासारख्या लाल. खाणीतच 1976 साली गणपती गावलो, तो आज नवसाक पावता. तुमचा जांभा आणि आमची खाण एकच काय?

भाट्ये_किनारा
नाही काका, रेडीचं मूळ वेगळं. तिथले खडक बेसॉल्टपेक्षा कितीतरी जुने. राजापूर ओलांडून खारेपाटणच्या खाली आलं की बेसॉल्टची चादर विरत जाते आणि तिच्याखालचं जुनं जग उघडं पडतं. म्हणून सिंधुदुर्गात रेडीला लोखंड, कणकवलीजवळ जानवली-वागद्याला क्रोमाइट (क्रोमियमचं खनिज) आणि कासार्ड्याला काचेसाठी लागणारी सिलिका वाळू. रत्नागिरीत यातलं काही शोधत बसू नका. पण तुमचं लाल पाणी मात्र नात्यातलं. तो बारीक फेरिकचा गाळ, पाण्याबरोबर वाहत आलेला.

पागोळी
उन्हाळे गावचे गरम पाण्याचे झरे आणि राजापूरची गंगा यावरही लिहा ना कोणीतरी.

सडेकर
पागोळीताई, त्याचा वेगळा धागा काढा, मी पहिला येईन. इथे माझी बादली अजून लाल आहे.

सर, तुरटीचं सांगणार होतात.

निवृत्त_रसायन
हो. ऑक्सिजन लोखंडाला किती वेगाने पकडेल हे पाण्याच्या आंबटपणावर ठरतं. पीएच एका अंकाने वाढला, म्हणजे आंबटपणा उतरला, की हा वेग सुमारे शंभरपट वाढतो. उदासीन पाण्यात काही मिनिटांत जे होतं त्याला आंबट पाण्यात रात्र लागते. कोकणातल्या खोल बोअरचं पाणी बहुधा आंबटाकडे झुकलेलं, म्हणून तुमची बादली लाल व्हायला सकाळ उजाडते. तुरटी पाण्याला आणखी आंबट करते, म्हणून त्या बादलीला दुपार झाली. तुम्ही नकळत उत्तम प्रयोग केलात.

तेव्हा तुम्हाला दोन गोष्टी करायच्या आहेत: पाण्यात हवा मिसळायची आणि आंबटपणा उतरवायचा. खायच्या चुन्याची निवळी घ्या. एक पेला ताज्या पाण्यात चमचाभर घाला आणि बघत बसा. हा फक्त बघायचा प्रयोग, ते पाणी प्यायचं नाही.

आगरातली
आणि कपड्यांवर पडलेल्या डागांना ब्लीच लावू नका. मी लावलं होतं. नवऱ्याचा पांढरा शर्ट, कॉलरवर फिकट पिवळा डाग होता तो पक्का नारिंगी झाला. बिंबलं, ते आंबट हिरवं फळ, चोळा. झाडावरून काढायचं, मधोमध चिरायचं, डागावर मीठ घालून घासायचं, उन्हात ठेवायचं, मग भरपूर पाण्यात धुवायचं. दोनदा केलं की जातो.

निवृत्त_रसायन
ब्लीच ऑक्सिजनचंच काम करतं, तेही घाईघाईने. राहिलेलं फेरस धाग्यातच फेरिक होऊन बसतं. बिंबल्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं, ते फेरिकला सोडवून पाण्यात घेतं. लिंबूही चालेल, जरा सावकाश. कोकम चोळू नका. गंज जाईलही, पण मग कोकमाचा डाग कशाने काढणार?

सडेकर
अहवाल देतो. रविवारी सकाळी सात वाजता बोअर चालू केली आणि पहिली दहा मिनिटं पाणी सोडून दिलं.

बादली एक: नुसती ठेवली. संध्याकाळी किंचित धुरकट, सकाळी नेहमीसारखी लाल.

बादली दोन: दोन बादल्यांमध्ये उंचावरून पंचवीस वेळा ओतली. शेजारची मुलं गंमत बघायला जमली. तासाभरात पिवळसर, दुपारपर्यंत तळाला गाळ.

पेला: चुन्याची निवळी एक चमचा. ढवळलं, पाच मिनिटं झाली नसतील, हिरवट-पिवळी ढगाळी आली आणि कापसासारखे बारीक कण फिरायला लागले. आई पाहत होती. म्हणाली, “एवढं सगळं आत होतं आणि आपण पीत होतो?”

एक शंका. दोन नंबरला मी चुना घातलाच नव्हता. नुसतं ओतून इतका फरक कसा?

निवृत्त_रसायन
ओतताना ऑक्सिजन आत जातो तसा कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. आंबटपणा त्याचाच होता. सोड्याची बाटली हलवल्यावर चव बसकी होते ना, तसं. म्हणजे दोन्ही कामं झाली.

कायमची सोय करायची तर रोज चुना मोजत बसू नका, जास्त पडला तर पाणी कडवट होईल. टाकीच्या तोंडाशी भोकं पाडलेला आडवा पाइप लावा, पाणी उंचावरून शिंतडत पडू दे. त्याखाली खाडीत मिळणाऱ्या तिसऱ्यांची शिंपलं पसरा. शिंपलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आंबटपणा लागेल तेवढंच विरघळतं, जास्त नाही. मग पाणी काही तास टाकीत निवांत, आणि शेवटी ड्रममध्ये धुतलेल्या वाळूचा दोन फुटी थर. आरओ हवाच असेल तर या सगळ्याच्या नंतर, आधी कधीच नाही. तुमचा पडदा त्यामुळेच गेला, विरघळलेलं लोखंड त्याच्यावर जाऊन बसलं.

पिण्याआधी एकदा जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या. तिथूनच आम्ल घातलेली बाटली मागून घ्या. साध्या बाटलीत भरलात तर वाटेतच लोखंड तळाला आणि काचेला चिकटेल आणि अहवालात पाणी उत्तम येईल.

घाटावरचा
तव्याचा प्रयोग केला. भुसा घालून अर्धा तास भाजली. चिकटली! बायको बोलत नाही.

चिरेवाला
टाकीखाली चौथरा लागेल तो जांभ्याचा करा. माझ्याकडे बारा-तेरा वर्षं उघड्यावर पडलेले चिरे आहेत, दगड झालेत अक्षरशः. घेऊन जा, पैसे नकोत. ट्रकचं भाडं तुमचं.

सडेकर
(दीड महिन्यानंतर) चिरेवाल्यांच्या चिऱ्यांवर टाकी उभी आहे. शिंतडा, शिंपलं, टाकी, वाळू, सगळं सरांनी सांगितलं तसं. लॅबचा अहवाल आला, गाळलेल्या पाण्यात लोखंड मर्यादेत. चहा आता चहाच्या रंगाचा आहे. आई अजून पहिल्या चहाला विहिरीचंच पाणी घेते, दुसऱ्याला बोअरचं. वाळूचा वरचा दोन बोटं थर पंधरा दिवसांनी नारिंगी, बुळबुळीत होतो, तो खरवडून धुतो.

एकच अडचण. शिंपलांवर गंजाचा थर बसलाय, विटेसारखी दिसताहेत, आणि गेल्या आठवड्यापासून पाणी स्वच्छ व्हायला पुन्हा वेळ लागतोय.

निवृत्त_रसायन
बरोबर. लोखंडाने शिंपलांना चिलखत घातलं, आतला चुना पाण्याला भेटत नाही. गोणत्यात घालून दगडावर घासा, थर सुटेल. फार जुनी झाली की टाकून नवीन घाला.

आगरातली
नवीन शिंपलं हवीत म्हणजे आधी तिसऱ्या खायला लागणार. काय हा त्रास!

सडेकर
उद्या बाजाराला जातोच आहे. आईने नारळ खवायला घेतलासुद्धा.